दुपारची मर

६ ऑक्टोबर, सोमवार

खामगावहून सकाळच्या एसटीनं निघाले आणि साडेनऊला अमडापूरच्या फाट्यावर उतरले. सोबत एक बॅग, एक गुंडाळलेली गादी आणि आईनं बळंच दिलेला कुकर. रोपवाटिका गावापासून तीन किलोमीटरवर आहे. चार मोठी शेडनेट, एक विहीर, ऑफिस आणि ऑफिसमागे माझी खोली. खोलीला नुकताच चुना दिलाय, खिडकीतून तुरीचं शेत दिसतं. मला खोली फार आवडली.

पहिलीच नोकरी, आणि तीही मी शिकले त्याच कामाची! अकोल्याला वनस्पतींच्या रोगांवर एम.एस्सी. करून दीड वर्ष घरी बसले होते. इथं एक छोटी प्रयोगशाळा माझ्या ताब्यात दिली आहे. एक सूक्ष्मदर्शक, एक फ्रिज आणि दारावर पाटी : मयुरी तायडे, रोगनिदान. पाटीचा फोटो आईला पाठवला. तिनं लगेच मावशीला पाठवला असणार.

व्यवस्थापक देवेश सर चिखलीचे, पस्तिशीचे, बोलायला गोड. इथं कलमी टोमॅटोची रोपं तयार होतात. जंगली वांग्याचं रोप वरून छाटायचं आणि त्या खुंटावर टोमॅटोचा शेंडा बसवायचा. जंगली वांग्याची मुळं चिवट, त्यामुळे टोमॅटोला मर रोग लागत नाही, अशी या रोपांची ख्याती आहे. कलमं बांधायला अकरा बाया. त्यांतलीच एक मुकादम, चांगुणाबाई, पन्नाशीची, उंच, खणखणीत आवाजाची. माझं आडनाव ऐकल्यावर जय भीम म्हणाली आणि आपल्या डब्यातली अर्धी भाकर ठेच्यासकट माझ्यापुढे सरकवली.

८ ऑक्टोबर, बुधवार

आज कलम बांधायला शिकले. खुंट तिरपा कापायचा, शेंडा तसाच तिरपा कापायचा, दोन्ही काप जुळवून प्लास्टिकची क्लिप लावायची. ब्लेड अर्धं मोडून बोटांत धरतात. काजल नावाची बावीस वर्षांची मुलगी आहे, तिचे हात बघत राहावेत असे चालतात. चहा होईपर्यंत तिनं दोन ट्रे संपवले होते. मी आठव्या कलमालाच बोट कापून घेतलं. सगळ्या हसल्या. चांगुणाबाईनं कलमाचीच टेप माझ्या बोटाला गुंडाळली आणि आपले हात दाखवले. बोटांच्या टोकांवर बारीक चिरांची जाळी, जुन्या, नव्या, हिरव्या डागांच्या.

काजलनं विचारलं, "मॅडम, झाडाची बिमारी माणसाले लागते काय?"

मी ठामपणे नाही म्हटलं. जिवाणू असो की विषाणू, प्रत्येकाची चावी ठरलेल्या कुलपाची. टोमॅटोच्या जिवाणूला टोमॅटोचं दार उघडता येतं, माणसाचं नाही. आपल्या अंगात तो गेला तरी तिथंच मरतो. काजलला ते पटलं. तिला तीन वर्षांची मुलगी आहे, तिच्यासाठी विचारत होती.

११ ऑक्टोबर, शनिवार

ऑक्टोबरचं ऊन भाजून काढतंय. साडेबाराला शेडनेटमध्ये गेले तर अकराही जणी रांगेत बसल्या होत्या आणि सगळ्यांच्या माना छातीवर पडलेल्या. वाटलं, जेवून डुलकी लागली असेल. जवळ जाऊन पाहिलं तर डोळे उघडे होते. हाका मारल्या. कोणी पापणीसुद्धा हलवली नाही. शालूबाईचा हात उचलला, तो ओल्या फडक्यासारखा परत मांडीवर पडला. श्वास होता. ताप नव्हता.

देवेश सर म्हणाले, उन्हाचा त्रास आहे, गेले पंधरा दिवस होतोय, चारला आपोआप उठतात आणि उलट जोमानं काम करतात. तसंच झालं. ऊन कललं तशा एकेक माना वर आल्या. चांगुणाबाईला विचारलं तर ती म्हणाली, डोया लागला असन थोडासा.

थोडासा! साडेतीन तास.

१३ ऑक्टोबर, सोमवार

दोन नंबरच्या शेडमध्ये पन्नासेक कलमं दुपारी माना टाकताना दिसली. पानं हिरवीगार, पिवळा डाग नाही, कीड नाही. संध्याकाळी पुन्हा ताठ. हे लक्षण पुस्तकातलंच आहे. मर रोगाचा जिवाणू झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत वाढतो आणि त्या तुंबवतो. दुपारी पाणी कमी पडलं की झाड मान टाकतं, संध्याकाळी सावरतं. असं काही दिवस चालतं. मग एका संध्याकाळी ते सावरत नाही.

खात्री करायला एक खुंट कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात उभा धरला. मिनिटभरात कापातून दुधासारखा पांढरा धागा निघाला आणि सरळ खाली उतरला. तो धागा म्हणजे लाखो जिवाणू.

खुंट वरून निरोगी दिसतो पण आत जिवाणू पाळतो. देवेश सरांना सांगितलं, सगळी रोपं थांबवा. ते म्हणाले, खराब ट्रे तेवढे फेका. बावीस तारखेला ट्रक चाळीस गावांत जाणार आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

दुपारी काजल जागेवर नव्हती. शेडच्या टोकाला ठिबकचा पाइप फुटून चिखल झालाय, तिथं ती उभी होती. अनवाणी. पायांची बोटं चिखलात रुतवून, मान खाली, हात लोंबत. मी तिला ओढलं, ती हलेना. कमरेला धरून उचललं तेव्हा पाय सुटले. तळवे पाण्यानं फुगून पांढरेफटक झाले होते.

चारनंतर ती रडली. म्हणाली, "मले काईच आठवत नाई मॅडम. फक्त तहान लागते. तोंडाले नाई, पायाले."

मी तिला एसटीनं दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. रक्त कमी आहे म्हणाले. लोहाच्या गोळ्या आणि अँटिबायोटिक दिलं. बायांना अशक्तपणा असतोच, असंही म्हणाले.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

चांगुणाबाई स्वतःहून प्रयोगशाळेत आली. त्या दिवशी मी खुंट ग्लासात धरला होता तेव्हा ती दारात उभी होती. तिनं ब्लेडनं आपल्या बोटाला चीर दिली आणि बोट ग्लासात बुडवलं.

आधी रक्त विरघळलं. मग त्या लालसर पाण्यातून एक पांढरा धागा सरळ खाली उतरला. तळाला जाऊन वेटोळं घालून बसला.

ती ग्लासावर वाकली. मग म्हणाली, "म्हंजे आमी बी खुंटच झालो."

मला तिला काहीतरी धीराचं सांगायचं होतं. तिनंच माझ्या पाठीवर हात ठेवला.

ती गेल्यावर मी माझ्या बोटाची टेप काढली. जखम भरली होती. तरी पुन्हा चिरली.

धागा बारीक आहे. पण आहे.

१८ ऑक्टोबर, शनिवार

खुंटांचे आणि आमच्या रक्ताचे नमुने अकोल्याला माझ्या सरांकडे पाठवले होते. त्यांचा फोन आला. जिवाणू मर रोगाचाच, पण त्याच्या आत एक विषाणू मुक्कामाला आहे. जिवाणूंनाही विषाणू लागतात, आणि काही विषाणू त्यांना मारण्याऐवजी नवे गुण देतात. सरांचा अंदाज असा : खुंट, ब्लेड, बोट, पुन्हा खुंट. रोज हजारो वेळा, वर्षानुवर्षं. प्रत्येक फेरीत जिवाणू माणसाच्या रक्तात थोडा जास्त टिकला असेल. विषाणूनं त्याला नवी चावी घडवून दिली.

काजलला मी किती ठामपणे नाही म्हटलं होतं!

अँटिबायोटिकनं काही झालं नाही. काजलचं बोट दोनदा ग्लासात धरून पाहिलं, तिचा धागा उलट जाड झालाय.

देवेश सरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि प्रयोगशाळेला कुलूप लावलं. म्हणाले, तुम्ही दिवाळीला घरी जा, परत आला नाहीत तरी चालेल. मी म्हटलं, मी कुठंही जात नाही. घरी आई आहे. हे घेऊन मी तिच्याकडे जाणार नाही. आणि या बायांना सोडूनही जाणार नाही.

तेव्हा लक्षात आलं, या माणसाला मी कधीही एका रोपाला हात लावताना पाहिलेलं नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

चार वाजले. दहा माना वर आल्या.

काजलची आली नाही.

पाच. सहा. तोंडावर पाणी मारलं, नाव घेऊन हाका मारल्या. अंग गरम, गाल टवटवीत, मान पडलेली. गाडी बोलावली. बुलढाण्याच्या वाटेवर, चांगुणाबाईच्या मांडीवर, श्वास थांबला.

तिच्या मुलीला शालूबाईनं घरी नेलं आहे.

२० ऑक्टोबर, सोमवार

सकाळपासून फोन लावतेय. एका कार्यालयात सांगितलं, सुट्ट्या संपल्यावर लेखी अर्ज द्या. दुसरीकडे हसले. अकोल्याचे सर मात्र लढताहेत. डॉक्टर आणि अधिकारी घेऊन ते बुधवारी संध्याकाळी पाचला पोचतील. तोवर एकही रोप बाहेर जाऊ देऊ नकोस म्हणाले. एक ट्रक गेला की चाळीस गावांत हजारो हात त्या रोपांना लागतील.

साडेअकरा झालेत. आता देवेश सरांना पुन्हा गाठून

चार वाजून दहा मिनिटं. पेन हातातच होतं. पानावर एक रेघ खालपर्यंत गेली आहे. समोर चहाचा कप होता, त्यावर साय धरली आहे. मधलं काही आठवत नाही. पायांना तहान लागली आहे.

बरं. म्हणजे मीही. चला, आता भ्यायचं कारण उरलं नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

ट्रक आत येऊन उभा आहे. रोपं भरून झाली. बाहेरून माणसं आणली, आमच्या एकीनंही ट्रे उचलला नाही. देवेश सरांनी निघायची वेळ उद्या दुपारी एकची ठेवली आहे.

एक! सकाळी नाही, संध्याकाळी नाही. एक वाजता आम्ही सगळ्या माना टाकून पडलेल्या असू, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

चांगुणाबाईकडे सगळ्या जमल्या. कोणी म्हणालं, पळून जाऊ. कुठं? कोणाच्या घरात? शालूबाई म्हणाली, गेटसमोर बसू. मी म्हटलं, बसू, पण बारानंतर आपल्याला उचलून कडेला ठेवतील, पोत्यासारखं.

चांगुणाबाई उठली. कोपऱ्यातलं सुतळीचं बंडल घेऊन आली. म्हणाली, "बांधून घेऊ. मान पडली तं पडू दे. गाठ नाई पडत."

२२ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी १०.२०. गेट आतल्या बाजूला उघडतं. दोन्ही फाटकं सुतळीनं जखडली आणि आम्ही अकराजणी फाटकाला पाठ लावून बसलो. कमरेला, खांद्याला, मनगटाला. माझा उजवा हात मोकळा ठेवलाय. लिहायला.

११.०५. देवेश सर आले. आधी समजावलं. मग ओरडले. मग हात जोडले. चांगुणाबाई म्हणाली, "काजलले हात जोडा, जमलं तं."

११.३०. ते घड्याळ बघत सावलीत बसलेत. वाट बघताहेत.

११.५०. पाय जड. ऊन डोक्यावर. एकमेकींना चिमटे काढतोय. शालूबाई पाळणा गातेय, काजलच्या पोरीला रात्री गायली होती तो.

१२.१०. गाणं थांबलं. तिची मान गेली.

१२.१५. आणखी तिघींची.

ड्रायव्हर भागवत ट्रकमध्ये चढला. इंजिन सुरू. बंपर हातभर अंतरावर.

देवेश सर सांगताहेत, चालव, फाटक तुटेल, बायांना काही होत नाही— भागवत आमच्याकडे बघतोय. चांगुणाबाई त्याच्याकडे.

इंजिन बंद. भागवत उतरला. चावी तुरीच्या शेतात भिरकावली, लांब. म्हणाला, "माह्याच्यानं नाई होत साहेब." आणि खाली बसला, आमच्याजवळ.

१२.२५. देवेश सर सुरी घेऊन सुतळ्या कापायला आले. पहिलीच गाठ शालूबाईच्या मनगटाची. घाईत स्वतःचा अंगठा कापला. तिच्या बोटांवर तो अंगठा टेकला. त्यांनी पाहिलं. मीही.

सुरी पडली. ते मागे सरकले. अंगठा चोखताहेत, पुसताहेत, विहिरीकडे धावले. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. सगळं—

गेट बंद आहे. ट्रक आत आहे. पाचला अकोल्याचे सर येतील.

चांगुणाबाई अजून ताठ. हात माझ्या हातावर. म्हणते, लिहून ठेवा मॅडम. कागदावर अकरा बाया म्हनून लिहितीन हे लोकं. नावं लिहा.

काजल. आधी तिचं, म्हणते.

शालू. द्वारका. पंचफुला. गोकर्णा. सुगंधा. वच्छला. सिंधू— थांब, अक्षर— अनुसया. बेबीनंदा.

चांगुणा. मान वर आहे तिची. अजून वर आहे. बघताहेत ना सगळे, अजून

मयुरी ता