आबांची राजेळी

हनोई, रविवार, १६ नोव्हेंबर

दोन महिने वहीला हात लावला नाही, चुकलंच. इथे खोटं लिहिता येत नाही, म्हणून टाळत होते.

परवा वसईहून आबांचा फोन. "बाय, तुझी शाळा सुटनार कधी? येनार असशील तर राजेळी केळी लावतो. घड यायला वरीस जाईल. नायतर मी एकटा म्हातारा कुनासाठी खड्डे खनू?"

मी म्हटलं, "लावा ना, आबा."

आणि आदल्याच दिवशी करार तीन वर्षांनी वाढवून आले होते. वर्षभर इंग्रजी शिकवून परतायचं, असं सांगून निघाले होते. आता इथला रस्ता न घाबरता ओलांडते, भाजीवाली हसून हाक मारते. वाडीची आठवण दिवसदिवस येत नाही. हे बापाला कसं सांगायचं? "लावा" म्हटलं ते त्यांना बरं वाटावं म्हणून, की फोन लवकर संपावा म्हणून?

आज संध्याकाळी त्यांनी फोटो पाठवला. विहिरीपासून कुंपणापर्यंत खड्डेच खड्डे. कंबरेला पट्टा बांधून एकट्याने खणलेत. उद्या रोपं लावणार म्हणतात. ते खड्डे डोळ्यांपुढून हलत नाहीत.

उद्या: आबा वाडीत उतरायच्या आधी फोन करणे.