एकटीला झेपणारी बोट

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पडदे शिवण्याचा, ही माझ्या मालमत्तेची शेवटची व्यवस्था स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. शुद्धीबद्दल शंका काढली जाणार याची मला खात्री आहे, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यासाठी मला खुर्चीतून उचलून त्यांच्या दवाखान्यात नेले होते, तिथे त्यांनी मला आज वार कोणता ते विचारले. मी वार सांगितला, आणि त्यांच्या तपासणीच्या खोलीतला पडदा उलट्या बाजूने टांगलाय हेही सांगितले. दाखला त्यांनी तेवढ्यावर लिहून दिला.

१. वाचनाबाबत. माझ्या वकीलबाईंनी हे मृत्युपत्र आपल्या कार्यालयात, माझे पती आणि माझे धाकटे दीर यांना समोर बसवून, मोठ्याने वाचावे. एकही शब्द गाळू नये. दिरांना दुसऱ्याचे बोलणे तोडायची खोड आहे. त्यांनी तोंड उघडले की बाईंनी थांबावे आणि ते कलम पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे.

२. दुकान. दुकान, शिवणयंत्रे, कात्र्या आणि कापडाचे सगळे तागे मी माझ्याकडे कापड बेतणाऱ्या बाईला देते. माझ्या पतींनी जन्मात सुईत दोरा ओवला नाही, तेव्हा चारचौघांत ‘आपलं दुकान’ म्हणणे त्यांनी आजपासून बंद करावे.

३. घर. घर आम्हा नवराबायकोच्या नावे निम्मे निम्मे आहे. माझा निम्मा हिस्सा मी दिरांना देते. दिरांना आत्ता याचे आश्चर्य वाटेल आणि थोडा आनंदही होईल. होऊ द्यावा. दोघा भावांनी तिथे एकत्र राहावे. भांडीकुंडी मी बेतणाऱ्या बाईला दिली आहेत. एक पातेले मागे ठेवले आहे, ते कोणी घासायचे हे दोघांनी आपसात ठरवावे.

४. बोट कशी घेतली याबाबत. दुकान चालले होते, गुडघे शाबूत होते, आणि मला लांबच्या सफरीला निघता येईल अशी शिडाची बोट घ्यायची होती. पैसे माझे होते. तरी सल्ला द्यायला दीर आले. बोटवाल्यांच्या क्लबात त्यांना सगळे ‘कॅप्टन’ म्हणतात. ते कधीच कशाचे कॅप्टन नव्हते, पण हाक मारली की ओ देतात. त्यांनी मला आपल्या बोटीसारख्या बोटी दाखवल्या: एकच उंच डोलकाठी, चहूबाजूंनी पोलादी तारांनी ताणून धरलेली, आणि वारा बदलला की डेकवर चार माणसांची धावपळ.

मी निवडली ती धक्क्याच्या टोकाला पडून होती. तिला दोन बुटक्या डोलकाठ्या, त्यांना एकही तार नाही. काठी डेकमधून थेट तळापर्यंत रोवलेली, वाऱ्यात वाकते आणि पुन्हा उभी राहते. शिडांत आडव्या पट्ट्या. वारा चढला की आत बसल्या जागी एक दोर सैल सोडायचा, शीड पट्टीवर पट्टी दुमडत खाली येते. असले पडदे मी जन्मभर शिवले आहेत. पाहताक्षणी मला ती बोट कळली.

दीर म्हणाले, “वहिनी, ही बोट आहे का पडद्याचं दुकान पाण्यात काढताय?”

माझे पती इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी म्हटले, “ही एकटीला झेपते.”

“एकटीला कशाला झेपायला हवी?” पती म्हणाले. “मी आहे ना!”

मी त्याला उत्तर दिले नाही. आज देणार आहे, ते सातव्या कलमात येईल.

५. तारांबाबत. मी अंथरुणाला खिळल्यावर डोलकाठ्या बसवणारे मिस्त्री मला भेटायला आले. टोपी हातात धरून दारातच उभे राहिले.

“बाई, तुमचे दीर म्हणतात, बोट आता आमच्याकडेच येणार. दोन्ही काठ्या काढा आणि एक उंच बसवा. आणि ते होईस्तोवर आहेत त्यांना तारा तरी लावा म्हणतात.”

“मग लावल्यात?”

“कशाला लावू? ही काठी वाकली तरच टिकते. तारांनी आवळली तर पहिल्या वावटळीत डेक उचकटेल.”

त्याच संध्याकाळी माझे पती खाटेशी आले. माझ्या नाकात प्राणवायूची नळी होती. त्यांनी विचारले, “बोटीतल्या मधल्या कपाटाची रुंदी किती गं? नवी काठी तिथूनच खाली जाणार आहे.” मी त्यांना रुंदी सांगितली. चुकीची सांगितली.

६. धाकटीबाबत. दिरांची बायको म्हणजे माझी धाकटी जाऊ. एका शर्यतीत दिरांच्या बोटीवर दोर आवळायच्या चरखीत तिचे बोट सापडले. ती किंचाळली. दिरांनी तिला ‘रडगाणं नंतर’ असे सांगितले, शर्यत पूर्ण केली, दुसरा नंबर आला त्याचा फोटो काढला, आणि मग तिला दवाखान्यात नेले. ते बोट आता वाकत नाही. क्लबात दीर हा किस्सा अजून सांगतात, आणि त्यात हिरो तेच असतात. त्या दिवसापासून ते तिला बाजारातही एकटी सोडत नाहीत. माहेरी फोन करायचा तर त्यांच्यासमोर. एकदा ती पळून बसस्टँडपर्यंत गेली होती. तिला परत कसे आणले ते मी इथे लिहीत नाही, कारण वकीलबाईंना ते मोठ्याने वाचावे लागेल.

माझी शुश्रूषा करायला मात्र दिरांनी तिला सोडले. आजारी जावेच्या खोलीत काय धोका असणार? माझ्या खिडकीच्या पडद्यावर मी तिला तो एक दोर शिकवला. नंतर औषधे आणायच्या निमित्ताने मिस्त्री तिला पाण्यावर नेऊन आणीत. तिच्या दुखऱ्या हाताला तो दोर जड जात नाही.

तेव्हा बोट या मृत्युपत्रात नाही. ती मी हयातीतच धाकटीला बक्षीसपत्राने दिली असून नोंदणी तिच्या नावे झालेली आहे. आजच्या वाचनाची वेळ वकीलबाईंनी भरती पाहून ठरवली आहे. दिरांनी तिला इथे आणलेले नाही, ‘वाटणीत तुझं काय काम’ असे म्हणाले असतील, हे मी न मरताही सांगितले असते. तुम्ही दोघे या खुर्च्यांवर टेकलात तेव्हा तिने धक्क्याचा दोर सोडला. दीर आत्ता ओरडत असतील. बाई, हे कलम पुन्हा पहिल्यापासून वाचा.

दीर आणि धाकटी राहत होते ते घर तिच्या वडिलांनी तिच्या नावे केले होते. ते तिने विकले आहे. म्हणून तिसऱ्या कलमात दिरांची सोय केली.

७. माझ्या पतींना. तुम्ही विचारले होते, एकटीला कशाला झेपायला हवी. कारण ती बोट मी तुम्हाला सोडून जाण्यासाठी घेतली होती. निघायच्या दिवशी तुम्ही उशी आणि चपला घेऊन धक्क्यावर हजर झालात. तुम्हाला कोणी बोलावले नव्हते. तुम्ही आत आलात, चांगल्या गादीवर बसलात आणि म्हणालात, “चल, निघू या.” तुम्हाला उतरा म्हणायला माझी जीभ रेटली नाही. ती दया नव्हती आणि प्रेम तर नव्हतेच. लोक पाहत होते, एवढेच. त्यानंतर प्रत्येक सफरीला तुम्ही आलात, वारा आपल्याला अनुकूल आहे असे मला सांगत राहिलात, आणि एकदाही दोराला हात लावला नाही. मला एकही सफर एकटीला मिळाली नाही. याचे मला फार वाईट वाटते आणि तुम्हालाही वाटावे अशी माझी इच्छा आहे. तुमची उशी मी धाकटीला बोटीतून काढून ठेवायला सांगितली आहे. ती धक्क्यावर मिळेल.

८. पाठलागाबाबत. तिच्या मागे जायला कायद्याची हरकत नाही. दिरांची बोट तयारच असते. तिला चार माणसे लागतात. तुम्ही दोघे आहात, आणि तुमच्यातल्या एकाला शिडाचा दोर कोणता तेही माहीत नाही.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनासारखा उतरला आहे, आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत मी त्यावर सही करीत आहे.

सही: पडदेवाली
साक्षीदार: डोलकाठ्या बसवणारे मिस्त्री
साक्षीदार: मला तपासणारे डॉक्टर (पडदा त्यांनी सुलटा करून घेतला)
ठिकाण: माझी खोली, दुकानाच्या माडीवर
तारीख: २ मार्च, सोमवार