नोल्फाच्या खिडकीखालची साक्ष

रविवार, २ जून

पाळकांनी मला साक्षीसाठी नेमका नोल्फाच्या खिडकीखालचा कोपरा दिला. टोमे गावात एवढे चढ, एवढी वळणं, आणि माझ्या वाट्याला हेच! "दुसरा द्या," म्हटलं. "बाई, कोपरे प्रभू ठरवतो." माझ्या रसायनशास्त्राच्या वर्गात दोनदा नापास झालेला हा मुलगा आता मला गप्प करतो.

नोल्फा माझी धाकटी बहीण. आईच्या दफनाच्या दिवशी मी तिला सगळ्यांदेखत सुनावलं— मरणाऱ्या आईपाशीसुद्धा तुला येववलं नाही. तिनं पाठ फिरवली. तीन वर्षं झाली, एक शब्द नाही.

आमच्या मंडळीत नव्या माणसाला रस्त्यावर उभं राहून साक्ष द्यावी लागते. प्रभू आपल्याला कसा भेटला ते सांगायचं. ऐकायला कोणी नसेल तर बंद दारांना सांगायचं. माझी साक्ष साधी आहे: कॉलेजात शिकले तेव्हा देवाला अडगळीत टाकलं, आईच्या शेवटच्या दुपारी तिच्या खाटेशी एकटी होते, गुडघे टेकले, आणि तो आला. पण तिथवर पोचलेच नाही. "त्या दिवशी पाऊस होता," मी म्हणाले आणि वर नोल्फाची खिडकी उघडली.

"ऊन होतं. मी चादरी वाळत घातल्या होत्या."

खिडकी बंद. माझं सूत्र हरवलं. पाळकांनी मंडळीतल्या वादकांना घाईघाईनं मँडोलिन सुरू करायला लावलं.

मंगळवार, ४ जून

पावसाची चूक खरी होती. पुढची मुद्दाम असेल.

रविवार, ९ जून

आई गिरणीत सूतकताईवर होती, असं सांगितलं. मी मनात तीनपर्यंत मोजायच्या आत खिडकी उघडली.

"विणकामात! सूतकताईत ती हेर्मिनिया होती, कामापेक्षा गप्पा जास्त."

समोरच्या पायरीवर म्हातारा बेलार्मिनो नळीनं माते नावाचा कडू चहा पीत बसला होता. त्यानं मान डोलावली. "धाकटीचं बरोबर आहे, बाई. हेर्मिनिया माझी मावशी."

मग आईच्या कोंबड्यांची संख्या चुकवली, तिच्या कोटाचा रंग चुकवला. नोल्फानं कोटाचं बटणसुद्धा सोडलं नाही. मूळ गोष्टीला हात लागण्याआधीच वेळ संपली. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

रविवार, १६ जून

गर्दी! लोक घरून खुर्च्या घेऊन आले. भोपळ्याच्या सोपाइपिया तळणारी बाई तर आपली गाडी इकडेच घेऊन आली. बेलार्मिनो शेजाऱ्याला विचारत होता, "आज कोण जिंकतंय? मोठी की धाकटी?"

नोल्फा आता खिडकी आधीच उघडून बसते. खांद्यावर शाल, कोपराखाली उशी. मी म्हणाले, लहानपणी मी आज्ञाधारक होते. ती इतकी हसली की तिला खोकला लागला.

उपासनेनंतर पाळक खुशीत होते. "बाई, पवित्र आत्मा काम करतोय."

"आत्मा कसला, नोल्फा काम करतेय."

गुरुवार, २० जून

पाळक घरी आले. चहा घेतला, ब्रेडला ॲव्होकॅडो लावून खाल्ला, आणि मग म्हणाले, "बाई, एवढ्या चुका तुमच्या हातून होत नाहीत. वर्गात तुम्ही माझं एक दशांश चिन्हही सोडलं नव्हतं."

कबूल केलं. नोल्फाचा आवाज ऐकायला मिळतो, मी म्हणाले.

त्यांनी बशीतला चुरा बोटानं गोळा केला. मग म्हणाले, "साक्ष म्हणजे साक्ष. पुढच्या वेळी सगळं खरं सांगा. नाहीतर कोपरा दुसऱ्या कोणाला तरी देतो."

बरोबरच आहे त्यांचं. त्यांच्या जागी मी असते तर ब्रेडही खाल्ला नसता.

शनिवार, २२ जून

सगळं खरं सांगितलं तर तिला दुरुस्त करायला काही उरणार नाही. ती खिडकी लावून घेईल. मग आम्ही होतो तिथेच.

 

रविवार, २३ जून

सगळं खरं सांगितलं. ऊन, चादरी, विणकाम, कोंबड्या, कोट. लोक वर बघत होते, नोल्फा उशीवर कोपर टेकून ऐकत होती. बेलार्मिनोनं जांभई दिली. मी पहिल्यांदाच त्या दुपारपर्यंत पोचले. म्हणाले, "आईच्या खाटेशी मी एकटी होते."

"खोटं."

ओरडली नाही. पहिल्यांदाच हळू बोलली.

"मी आईच्या खोलीच्या दाराबाहेर बाकावर होते. आत यायला निघाले तर तू मोठमोठ्यानं देवाशी बोलत होतीस. जन्मात पहिल्यांदा. मी मध्ये कशी येऊ, ताई?"