लहान जनरेटरला मिळालेला उजवा कौल

मरोळ गावठाण, अंधेरी (पूर्व)
एप्रिलचा शेवटचा रविवार

तीर्थस्वरूप सौ. उत्तरा वहिनींना धाकट्या दिराचा, सहदेवचा, वाकून नमस्कार. देवीच्या कृपेने मी आणि नलिनी दोघं बरी आहोत. तुमच्या गुडघ्याला निरगुडीचा पाला लागू पडला का? फोनवर विचारलं असतं, पण तुमच्याकडचा फोन दादा उचलतो आणि स्वतःचं बोलून झालं की ठेवून देतो. शिवाय आजची हकीकत दादाच्या कानावर घालण्यासारखी नाही. तेव्हा पत्र वाचून झालं की तांदळाच्या डब्यात ठेवा, तिथे तो हात घालत नाही.

तुमच्या जान्हवीच्या लग्नाला आम्ही येणार, हे मी सांगून बसलो खरा. कॉलेजची सगळी वर्षं ती आमच्याकडे राहिली, परीक्षेच्या दिवशी नलिनीने तिच्या हातावर दही-साखर ठेवल्याशिवाय ती दाराबाहेर पडली नाही. त्या मुलीच्या अंगावर अक्षता पडताना नलिनी तिथे नसेल तर त्या लग्नाला मी तरी कोणत्या तोंडाने उभा राहू? पण नलिनीच्या आजारात अंग तापलं की पाय ऐकत नाहीत, हे तुम्ही जाणता. तीन उन्हाळे ती एसीच्या खोलीतच काढते आहे. डॉक्टर म्हणाले, खुशाल जा, पण गारव्यातून गारव्यात. आता मे महिन्यात मरोळपासून आपल्या गावापर्यंत सलग गारवा कुठून आणायचा?

वाट दाखवली आमच्या शेजारच्या नोएलने. तो शूटिंगवाल्यांना व्हॅनिटी व्हॅन भाड्याने देतो (नटनट्यांनी कपडे बदलायची, घटकाभर आडवं व्हायची गाडी, आत पलंग, न्हाणीघर, एसी, सगळं). त्यातली सगळ्यांत जुनी गाडी त्याने लग्नापुरती देऊ केली. मी शाळेची बस चालवतो, त्यामुळे चालवण्याचा प्रश्न नव्हता. फक्त तिचा मूळ जनरेटर काढून त्याने नव्या गाडीत बसवला होता. "गाडी माझी, गारवा तुझा तू आन," असं म्हणून तो चर्चला निघून गेला.

जनरेटर घेणं म्हणजे मिक्सर घेणं नव्हे, हे मला साकीनाक्याच्या दुकानात कळलं. एसी चालताना जेवढी वीज खातो त्याच्या दुप्पट-तिप्पट सुरू होताना ओढतो म्हणे (आपले सदूकाका उठून बसायला जेवढा जीव खातात तेवढा पुढे दिवसभर खात नाहीत, तसंच). दुकानात दोन होते. पिवळा मोठा, कुठलाही एसी उठवेल असा. पण उचलायला दोन गडी लागणार आणि आवाज भातगिरणीचा. लाल लहान, आवाज घोरण्याइतका आणि मला एकट्याला उचलता येईल असा. एकट्याला उचलता येणं महत्त्वाचं, कारण जनरेटर गाडीच्या आत चालवायचा नसतो, त्याचा धूर जीव घेतो. गाडी धावताना इंजिनावरचा एसी पुरतो, पण उभी केली की जनरेटर दर वेळी उतरवून लांब ठेवायचा, आणि वाटेत गाडीत आम्ही दोघंच. पण लहान एसी उठवील का? दुकानदार म्हणाला, "उठवायला पायजे." या 'पायजे'वर बायकोचा जीव कसा टांगायचा?

म्हणून मी दादाला फोन करून देवीला कौल लावायला सांगितलं. दादा म्हणाला, "देवीक आता जनरेटरपण इचारूचो?" पण गेला बिचारा. गुरवाने पाकळ्या लावल्या, लहान घ्यावा का म्हणून गाऱ्हाणं घातलं, आणि उजवी पाकळी पाडून देवीने उजवा दिला, म्हणजे होकारच, हे तुम्ही तिथे हात जोडून पाहिलंच. मी त्याच संध्याकाळी लाल जनरेटर घरी आणला, त्याला हळदकुंकू लावलं.

आता वाईट भाग. नोएलच्या आवारात गाडी उभी केली, जनरेटर लांब चिंचेखाली ठेवला, नलिनीला पलंगावर निजवलं आणि मी आतल्या कळा दाबल्या. पंखा फिरला. एसीने एकदा 'टक्' केलं, जनरेटरने घशात घास अडकल्यासारखा आवाज काढला आणि सगळं शांत. पुन्हा केलं, पुन्हा तेच. नोएल कमरेवर हात ठेवून म्हणाला, "सहदेव, तुझी देवी इलेक्ट्रिशियन हाय काय रं?" वहिनी, मला राग आला तो नोएलचा नव्हे. मी मनात म्हटलं, आई, तुला लहान-मोठ्यातलं कळत नव्हतं तर डावा तरी द्यायचास. असं मी देवीला म्हटलं. ज्या देवीपुढे मी लहानपणी शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसून पाढे पाठ केले, तिला.

तेवढ्यात आतून नलिनी म्हणाली, "अहो, हा पडदा गरम का लागतोय?"

हा पडदा मीच लावला होता. पलंगासमोर मेकअपचा मोठा आरसा आहे. आजारात चेहरा उतरल्यापासून नलिनीला आरसा नको वाटतो, म्हणून मी तो जाड चादरीने झाकला होता. मी चादर बाजूला केली आणि काय पाहतो? आरशाच्या चारही बाजूंनी जुन्या पद्धतीचे भले मोठे बल्ब, सगळे लखलखत! शाळेच्या बसमध्ये चढलो की मी सगळ्या कळा एका हाताने खाली करतो. तीच सवय इथे नडली होती, आणि भर दुपारी चादरीआडचा उजेड कुणाला दिसणार? जनरेटर बिचारा अर्धी ताकद त्या बल्बांवर घालवत होता. मी बल्ब बंद करायला धावलो, तर नलिनी म्हणाली, "थांबा जरा." ती आरशात बघत होती. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "या उजेडात मी काही एवढी वाईट दिसत नाही हो." वहिनी, तीन वर्षांत तिने स्वतःबद्दल बोललेलं हे पहिलं चांगलं वाक्य.

बल्ब बंद केले, जनरेटरची दोरी पुन्हा ओढली आणि एसी पहिल्या झटक्यात सुरू झाला. नलिनीला शाल लागली. मी चिंचेखाली जाऊन गावाच्या दिशेला तोंड करून कान धरले. नोएल हसला, पण त्यानेही हळूच छातीवर क्रॉसची खूण केली.

तेव्हा आम्ही लग्नाच्या चार दिवस आधी निघतो. मुलांना आशीर्वाद, दादाला नमस्कार.

आपला,
सहदेव

ता. क. मी देवीला काय म्हटलं ते दादाला सांगू नका. माझ्या नावाने नारळ ठेवा, पण कशाबद्दल ते गुरवालाही नको.

ता. क. दुसरा. आता नलिनी शेजारी पडून सांगते आहे ते लिहितो. ती म्हणते, मला गाडीत पाहुण्यासारखी बसवून ठेवू नका, दमले की मी आपण होऊन गाडीत जाईन, तोवर मांडवात माझी खुर्ची मांडा. आणि जान्हवीला सजवायची ती आमच्या गाडीत, त्या आरशासमोर, सगळे बल्ब लावून. वेणी मीच घालणार म्हणते, माझा हात थरथरला तरी.

ता. क. तिसरा, आणि याचसाठी खरं तर पत्र. बल्ब लावले की एसी बसतो आणि एसी लावला की बल्ब लावता येत नाहीत, हे मी तिला समजावून पाहिलं. ती म्हणते, दोन्ही पाहिजे. तेव्हा वहिनी, दादाला सांगून घरातून गाडीपर्यंत बल्बांपुरती एक जाड वायर ओढून घ्या. यासाठी कौल लावायला जाऊ नका. नलिनीने उजवा दिला आहे.