चौथी खूण

ओल्डेर्फेन, मंगळवार सकाळ

प्रिय आरेंददादास धाकट्या यान्त्येचा नमस्कार. देवाच्या कृपेने आम्ही सगळे उभे आहोत (आमचे खेरित थोडे लंगडत). तुझा गुडघा कसा आहे? आल्त्येवहिनींनी पाठवलेलं वाटाण्याचं सूप दोन दिवस पुरवलं.

आता मुद्दा. परवा रविवारी आम्ही चालत पोचलो तेव्हा चर्चच्या दारात, अख्ख्या गावासमोर तू म्हणालास, "यान्त्ये, तू प्लग बदललेली गाडी पुढच्या रविवारी इथवर आली तर मी माझी टोपी खाईन. नाही आली तर मुकाट्याने विकून टाक!" गाडी मी विकणार नाही. ती गेली तर दर रविवारी सात किलोमीटर तुझ्या गाडीत मागच्या सीटवर बसून तुझं ऐकावं लागेल, आणि मला एका दिवसाला एक प्रवचन पुरतं.

मी मॅट्रिक झाले आहे, गाडीची पुस्तिका मला वाचता येते. एंजिन गार होऊ दिलं. नवा प्लग रबरी नळीच्या टोकात धरून बोटांनी फिरवला. आटे सरळ बसले तर तो आपसूक आत जातो, अडला तर काढून पुन्हा लावायचा (गेल्या वर्षी अडल्यावर तू दोन्ही हातांनी रेटलंस आणि आटे खाल्लेस, तारीख वहीत आहे). वॉशर टेकला की मग पाना, तोही ठरलेल्या जोराला टक् वाजणारा. टक् झालं की थांबायचं. हे थांबणंच तुला जमत नाही. बिटाच्या बरण्यांची झाकणं मी वीस वर्षं अशीच लावते, एक बरणी गळली नाही की तडकली नाही. प्लग चार, प्रत्येक पक्का झाला की वहीत एक खूण, अशी माझी पद्धत.

तीन खुणा झाल्या आणि शनिवारची सहाची घंटा वाजली. त्या घंटेला रविवारचा विसावा सुरू होतो, मग आपल्यात कुणी कामाला सुईसुद्धा उचलत नाही. हातातलं होतं तिथे ठेवून मी घरात आले. रविवारी सकाळी पाहते तर वहीत खुणा तीनच! म्हणजे चौथा नुसता बोटांनी लावलेला. खेरित म्हणाले, "अगं, अर्धा फेरा तो! देव काय मोजत बसलाय?" रविवारी तेवढा फेरा चालेल का, हे मी शेजारच्या लामर्टकाकांना विचारलं, ते चर्चचे पंच. त्यांनी एक अख्खं पेपरमिंट चघळलं आणि म्हणाले, "बोटांनी फिरवलंस तर झाकण. पान्याने फिरवलंस तर काम."

ढिल्या प्लगवर एंजिन मी चालवत नाही. आम्ही चर्चला चालत निघालो. तू शेजारून गेलास, काच खाली करून "मयत कधी आहे गाडीचं?" असं ओरडलास, आणि मी मान तसूभर खाली घातली नाही. सोमवारी उजाडताच मी पाना लावला, आणि गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. तुझ्या घरावरून मी ती दोनदा नेली. पडद्यामागे कोण होतं ते मला दिसलं.

येत्या रविवारी चर्चच्या दारात मी गाडीतून उतरेन. टोपी घेऊन ये.

तुझी बहीण,
यान्त्ये

ता. क. टक् वाजणारा पाना तुझाच होता. वहिनींनी खिडकीतून दिला. त्यांना बोलशील तर माझ्याशी गाठ आहे.

ता. ता. क. खोटं लिहून मला चर्चमध्ये बसता येणार नाही, म्हणून सांगते. सोमवारी चौथ्या प्लगला पाना लावला, तर तो न हलताच टक् वाजला. प्लग शनिवारीच पक्का झाला होता. घंटा ऐकून मी खाली ठेवली ती पेन्सिल, पाना नव्हे. लिहिणं हेही कामच ना! हे तू, मी आणि देव यांच्यातच राहू दे. खेरितांच्या टाचेचा फोड अजून फुटलेला नाही.