हिंदुराव दोन ठिकाणी दिसल्याबद्दल

चऱ्होली, रविवार

आदरणीय अण्णामामा,

सविनय जय भीम. तुमचा गुडघा जिना चढू देतो की अजून रुसलेलाच आहे? मामीचं बीपी कसं आहे? (गोळी घेतली का, हे तिला विचारू नका, पाकिटातल्या मोजून बघा.) इकडे आई मजेत. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही निम्म्यातच "मग नोकरी राहिली का गेली?" असं विचाराल आणि सगळी गंमत जाईल. राहिली, मामा. कालच कायम झाल्याचं पत्र हातात पडलं. आता निवांत वाचा.

निघोज्याला कंपनीत मी नेमकं काय करते, हे तुम्ही तीनदा विचारलंत आणि मी तीनदा "कॉम्प्युटरचं काम" म्हणून सुटले. तर आम्ही फोर्कलिफ्टवर कॅमेरा आणि रडार बसवतो, समोर माणूस आला तर ती आपोआप थांबावी म्हणून. कॅमेऱ्याला कळतं की समोर माणूस आहे. रडारला कळतं की तो किती लांब आहे आणि किती वेगात येतोय. दोघांचं ऐकून "हा एकच माणूस आणि तो इकडेच निघालाय" असं ठरवायचं काम माझ्या प्रोग्रामचं. मामी खिडकीतून म्हणते, निळ्या शर्टातलं कुणीतरी आलं. तुम्ही जिन्यावरच्या पावलांवरून म्हणता, माणूस चांगला जाडजूड आहे. तरी आपण चहा एकच कप टाकतो, तसं.

माझं सहा महिन्यांचं प्रोबेशन शुक्रवारी संपणार आणि त्याच दिवशी गिऱ्हाईक कंपनीची माणसं चाचणी बघायला येणार. वर्षालीमॅडमनी (माझ्या वरिष्ठ, बोलतात कमी, बघतात जास्त) स्पष्ट सांगितलं होतं, चाचणी पास तर तू पास. बुधवारी रंगीत तालीम होती. फोर्कलिफ्टपुढून चालायला स्टोअरचे हिंदुराव, मूळचे साताऱ्याकडचे. चालले झकास, त्यासाठी केस विंचरून आले होते. पण फोर्कलिफ्ट थांबेचना. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर होता म्हणून निभावलं. मग सात मिनिटांनी, हिंदुराव कोपऱ्यात चहा पीत असताना, मोकळ्या रस्त्यात तीच फोर्कलिफ्ट करकचून उभी राहिली! पडद्यावर दोन हिंदुराव, एक बसलेला आणि एक चालणारा. पडदा बघून ते म्हणाले, "ताई, म्या हितं बसलोय, मग त्यो कोन चाललाय?" (ओव्हरटाइम दोघांचा मिळेल का, अशी चौकशीही नंतर केली.)

दोन दिवस मी काय काय केलं नाही! कॅमेऱ्याची काच ओढणीने पुसली, केबल बदलल्या, रडारची नजर तिरळी असेल म्हणून ते बोटभर सरकवलं. डबा तसाच परत नेला, तर आईने कारल्याला दोष दिला. गुरुवारी संध्याकाळी हताश होऊन उठले, तर कॅमेऱ्याच्या कॉम्प्युटरवर पाच वीस झाले होते आणि रडारच्या पडद्यावर पाच तेरा. कुणीतरी कॅमेऱ्याचं घड्याळ सात मिनिटं पुढे केलं होतं! त्यामुळे कॅमेऱ्यातले हिंदुराव अजून यायचे आहेत असं समजून प्रोग्राम सात मिनिटं थांबायचा आणि मग त्यांना हजर करायचा. रडार बिचारं खरी वेळ सांगत होतं आणि मी त्यालाच शिव्या घालत होते. घड्याळं जुळवली. शुक्रवारी हिंदुराव चालले, फोर्कलिफ्ट थांबली, पडद्यावर एकच हिंदुराव. मला तिथेच रडू आलं, मामा. बाबा गेल्यापासून इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

मामीला जय भीम सांगा.

तुमची भाची,
आम्रपाली

ता. क. ते "कुणीतरी" म्हणजे मीच. सोमवारी कॅमेऱ्याचा हा नवा कॉम्प्युटर आला, तेव्हा साडेपाचची बस चुकू नये म्हणून पहिलं काम तेच केलं होतं. चाचणीनंतर मॅडमना सांगून टाकलं. त्यांनी फक्त मनगटावरचं घड्याळ (तेही पुढचंच) बाहीखाली सरकवलं.

आणखी एक. पत्राचं खरं कारण सोबत जोडलं आहे. चूक झाली की पाच वेळा "का?" विचारायचा फॉर्म तुमच्याही कंपनीत होताच. मी भरला. पाचव्या "का?"ला उत्तर निघालं, मामांच्या भिंतीवरचं दहा मिनिटं पुढचं घड्याळ. त्या घड्याळावर तुम्ही तीस वर्षं एकही बस चुकवली नाहीत आणि दोन घरं चालवलीत, हे लिहायला रकान्यात जागा नव्हती. तरी "मूळ कारण" समोर तुमची सही हवी. त्याखाली "हे कारण कायमचं दूर कसं करणार?" असा रकाना आहे. तो मी कोरा ठेवला आहे. मॅडमनी फारच आग्रह धरला, तर मी पुन्हा प्रोबेशनवर जायला तयार आहे.