फिनलंड उणे दोन

ओंगार, डब्लिन १५
१४ जून २०२१, सोमवार

ती. स्व. दादास मुक्ताचा नमस्कार.

आम्ही इकडे बरे आहोत. तू आणि लतावहिनी कसे आहात हे विचारते, पण उत्तर येईल अशी आशा धरून नव्हे. व्हॉट्सॲपवर माझ्या निरोपांपुढं दोन निळ्या खुणा उमटतात, म्हणजे तू वाचतोस. मग अंगठ्यानं वर सरकवून टाकत असशील. म्हणून आता कागदावर लिहितेय. कागद फाडावा लागतो, आणि तू लिहिलेला कागद फाडत नाहीस हे मला ठाऊक आहे. तुझी नापासाची प्रगतिपुस्तकंसुद्धा अजून ट्रंकेत आहेत.

इथं सध्या चक्क ऊन आहे. लोक एवढ्याशा उन्हात अर्ध्या चड्ड्या घालून फिरतात. माझं चेरीवूडचं ऑफिस अजून बंदच आहे, काम स्वयंपाकघरातल्या टेबलावरून. चारुदत्त वरच्या खोलीतून, मी खालून. अनुष्का सहा वर्षांची झाली. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत, आणि तेही इथल्या हेलात. पडली, गुडघा फुटला, तरी म्हणते, ‘आयॅम ग्रँड, मम्मी,’ म्हणजे मी ठीक आहे. आप्पांनी ऐकलं असतं तर म्हणाले असते, ही कुणाची गं पोरगी?

आज पाच वाजता पोलंड आणि स्लोव्हाकियाची मॅच होती. तुला तारीख आठवत असेलच. आप्पा आणि मी आज डब्लिनच्या स्टेडियममध्ये बसणार होतो. दोन वर्षांपूर्वी तिकिटं लागली तेव्हा आप्पांनी अडुसष्टाव्या वर्षी पासपोर्ट काढला आणि फोटोत टाय घालायचा की नाही यावरून तुझं डोकं खाल्लं होतं. मग कोविडनं युरो वर्षभर पुढं गेली. मग या एप्रिलमध्ये, प्रेक्षक बसवायची खात्री देता येईना म्हणून डब्लिनच्या मॅचेस काढून घेतल्या. आजची मॅच रशियात झाली. मी टीव्हीवर बघितली. स्लोव्हाकिया दोन-एकनं जिंकली.

चौकटीच्या वहीचा कागद फाडून सहा गटांचा तक्ता केलाय आणि स्वयंपाकघरातल्या प्रेसवर चिकटवलाय. इथं भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात. रोज सकाळी चहाच्या आधी आकडे भरते. अनुष्का बोटानं फिनलंड, म्हणजे यंदा पहिल्यांदाच आलेली टीम, दाखवून म्हणते, ‘अँड हाऊज युअर मॅन?’, म्हणजे तुझा तो गडी कसा आहे? डेन्मार्कला हरवलंय, तीन गुण आहेत, असं सांगते. त्या मॅचमध्ये डेन्मार्कचा एक खेळाडू मैदानात कोसळला, ते तूही बघितलं असशील. सगळे त्याच्याभोवती कडं करून उभे राहिले. मी टीव्ही बंद केला.

तालमीच्या भिंतीवरचा फळा यंदा कोण लिहितंय? की कोराच आहे?

मला परवा एकदम आठवलं. आप्पा अंघोळ करून सातच्या आत फळ्यापुढं उभे. म्हशी पिळतात त्या कट्ट्यावरून दूध घेऊन जाणारी माणसं किटल्या हातात धरून थांबायची. सगळी पेठ ब्राझील नाहीतर जर्मनी, आणि आपले आप्पा मात्र पहिल्यांदा आलेल्या टीमच्या मागं. ‘मोठ्या लोकांस्नी मोप हायत की. नव्यांचं कोण हाय?’ तुझ्या खांद्यावर बसून मी वरच्या ओळीत गोलफरक लिहायची. किती मारले उणे किती खाल्ले. लिहून झालं की आप्पा दरवेळी तेच विचारायचे, ‘मुक्ते, चौघांचा मिळून शून्य येतोय का बघ. एकानं मारला तो दुसऱ्यानं खाल्लाच की. शून्य न्हाई आला तर कुणीतरी थापा मारल्यात.’ आणि तू खालून ओरडायचास, ‘आवर की गं, मान मोडली माझी!’

शेवटच्या फोनवर तू म्हणालास, ‘लतीचा भाऊ दुबईस्नं आला, मग आयर्लंड काय चंद्रावर हाय?’ ते मला फार लागलं. विमानं बंद होती दादा. मी काय करणार होते?

जाऊ दे. बाकी उद्या लिहिते.

*

२२ जून, मंगळवार

उद्या म्हणून आठ दिवस गेले. पत्र पाकिटात घातलं, पत्ता लिहिला, कोपऱ्यावरच्या हिरव्या टपालपेटीपर्यंत दोनदा जाऊन परत आले. त्यात एक वाक्य आहे त्याच्यामुळं टाकवेना. आता इथूनच पुढं लिहितेय.

आज सकाळी तुझा फोटो आला. दीड महिन्यानंतर तुझ्याकडून पहिली गोष्ट. शब्द एकही नाही, नुसता फळ्याचा फोटो. तुझं ते कोंबडीचे पाय अक्षर, सहाही गट, कडेला भगव्या खडूनं पट्टी ओढलेली. आप्पा ओढायचे तशीच. मी फोन छातीशी धरून उभी राहिले. ऑफिसची मीटिंग चालू होती, कॅमेरा बंद होता म्हणून बरं. खूप रडले दादा.

मग सवयीनं बेरीज केली.

गट ब. बेल्जियम अधिक सहा. डेन्मार्क अधिक एक. रशिया उणे पाच. फिनलंड उणे एक. बेरीज एक येते. शून्य नाही.

फिनलंड उणे दोन आहे. तीन मॅचमध्ये एक मारला, तीन खाल्ले. तू गणितात तीनदा नापास झालास हे खरं, पण एकातून तीन गेले तर किती हे तुला येतं. मी फोटो मोठा करून बघितला. एकच्या खाली पुसलेला दोन आहे. आधी बरोबर लिहिलंस, आणि मग पुसलंस.

का पुसलंस ते मला कळलं. फिनलंड गटात तिसरी आहे, आणि सहा गटांतल्या अशा सहा तिसऱ्यांपैकी चौघे पुढं जातात. युक्रेनचेही तीनच गुण, गोलफरक उणे एक. फिनलंडही उणे एक लिहिलं की ती बरोबरीत येते. दूध घेऊन जाणाऱ्या माणसाला वाटतं, आहे की अजून! आप्पांची टीम चौकात दोन दिवस आणखी जगते.

*

२४ जून, गुरुवार

काल गट संपले. फिनलंडची स्वतःची शेवटची मॅच सोमवारीच झाली होती, पण तिसऱ्या नंबरवाल्याला घरी जाता येत नाही, बाकीच्यांचे निकाल बघत बसावं लागतं. संध्याकाळी स्लोव्हाकियानं स्पेनकडून पाच खाल्ले, तेव्हा वाटलं, होतंय वाटतं. आता पोर्तुगालनं फ्रान्सकडून सपाटून मार खायला हवा होता. त्यांची दोन-दोन झाली. फिनलंड संपली. अनुष्काला सांगितलं तर ती खुर्चीवर चढून त्या नावापुढं हसरा चेहरा काढून आली.

त्याआधी दुपारी मी लतावहिनीला फोन केला होता. तिच्यावर रागावू नकोस, मीच खोदून विचारलं. म्हटलं, दादाचा राग किती दिवस राहणार? ती म्हणाली, ‘राग कसला ओ वन्सं. जेवता जेवता ताट सरकवत्यात. म्हणत्यात, मी तिला खरं सांगितलं असतं तर मुक्ती आली असती. आप्पा दाराकडं बघत गेले, ते माझ्यापायी.’

म्हणून हे लिहिणं भाग आहे. समोरासमोर मला बोलता येणार नाही.

आप्पांना दवाखान्यात नेल्यापासून तू रोज संध्याकाळी ऑक्सिजनचा आकडा पाठवायचास. मी ते चौकटीच्या वहीत लिहायची, आपल्या तक्त्यासारखे. ९४, ९३, ९३, ९२, ९३. रोज मनाशी हिशोब करायची, की अजून आहे चान्स, उद्याचा निकाल बघू. असं माणसाच्या जिवाचं कुणी करतं का? आपल्याच घरात करतात. एकोणतीस एप्रिलला मी तिकीट काढलं होतं. दोहामार्गे, एक मेचं. होय, विमानं चालू होती. बंद होती हे मी तुला खोटं सांगितलं, आणि या पत्राच्या पहिल्या पानावर पुन्हा लिहिलं.

तीस तारखेला तू ९३ पाठवलंस, आणि मी तिकीट रद्द केलं.

या महिन्यात वहिनीनं घराच्या नावाचे कागद माझ्या सहीसाठी पाठवले. त्यात चुकून केसपेपर आला. एकोणतीसला ८३. तीसला ८१. तू कधी नऊ, कधी बारा पुढं घालून पाठवत होतास. मी तो कागद बघितला आणि मला धक्का बसला नाही, दादा. हेच तुला सांगायचंय. मला खरे आकडे माहीत नव्हते, पण ते खोटे आहेत हे मला तेव्हाच माहीत होतं.

तीस तारखेला दुपारीच वहिनी बोलण्याच्या ओघात म्हणाली होती, आप्पांना मोठं मशीन लावलंय. ९३ असलेल्या माणसाला मोठं मशीन लावत नाहीत. मी नऊ वर्षांची असल्यापासून आकडे तपासते. तुझी बेरीज जुळत नव्हती. वही उघडी होती, मी बघितली आणि मिटली. कारण त्याच दिवशी इथं बातमी आली की भारतातून परत येणाऱ्यांना हॉटेलात कोंडणार. अनुष्का इथं, मी तिथं अडकले तर? मलाच झालं तर? मी घाबरले. दुसरं कारण नाही. मला न येण्यासाठी एक आकडा हवा होता आणि तू तो दिलास. तू मला जपायला खोटं बोललास, आणि मी त्या जपण्याच्या आड लपले.

तर ऐक. तू ८१ लिहिलं असतंस तरी मी आले असते की नाही, देव जाणे. मला तुझ्या आकड्यानं थांबवलं नाही. माझ्या भीतीनं थांबवलं. आप्पा दाराकडं बघत गेले, ते माझ्यामुळं. तू ताट सरकवू नकोस.

आणि आणखी एक. तू फोन त्यांच्या कानाला लावायचास ना, त्यातल्या एका दिवशी आप्पांनी मला विचारलं, ‘डब्लिनचं कसं हाय?’ मॅचेस तिथून गेल्याची बातमी आदल्याच दिवशी आली होती. मी म्हटलं, ‘एकदम तयारी चाललीय आप्पा. चौदा जूनला तुम्ही आणि मी.’ ते म्हणाले, ‘टाय घालू का?’ मी म्हटलं, घाला. म्हणजे तू एकटाच खोटे आकडे लिहीत नव्हतास. आपण दोघंही आप्पांचीच पोरं, पण त्यांचा तो शून्याचा नियम आपल्याला पाळता आला नाही.

काल रात्रीच्या जेवणानंतर चारुदत्तला सगळं सांगितलं. तो म्हणाला, जाऊन ये, अनुष्काचं मी बघतो. नऊ जुलैचं तिकीट काढलंय. परतल्यावर हॉटेलात राहावं लागेल, राहीन. या वेळी रद्द करणार नाही. तू दार उघडशील की नाही माहीत नाही, पण मी पायरीवर बसेन, तेवढी पायरी माझीही आहे.

पत्र इथून पोचायला तीन आठवडे लागतात. बहुधा माझ्या मागून येईल. तसं झालं तर माझ्यासमोर वाचू नकोस. वर माडीवर जाऊन वाच, आणि खाली आलास की काही बोलू नकोस. नुसतं चल म्हण.

फळा तेवढा पुसू नकोस, एवढं एक व्हॉट्सॲपवरही कळवतेय. पाऊस लागला तर वर प्लास्टिक टाक. फिनलंडपुढचा तो एक मला माझ्या हातानं पुसायचाय आणि दोन लिहायचाय, सातच्या आत, लोक दूध घेऊन जाताना. आता माझा हात पोचतो. तरी तू खाली उभा राहा.

वहिनीला नमस्कार. यापुढं आकडा कसलाही असो, मला खरा कळव. मी येईन.

बेरीज जुळत नाही हे बघूनही गप्प बसलेली तुझी बहीण,
मुक्ता